लोकरीचे अँबेसेडर आणि त्यांच्या गळ्यातली सॅश

मेंढीपालन आणि लोकर धंद्याची बाजू लोकांपुढे मांडायला तरुण पोरापोरींना अँबेसेडर नेमायचं हा प्रकार बऱ्याच देशांत चालतो आणि मला तो आवडतो पण, फक्त कधीकधी होतं काय की सॅश म्हणजे तो खांद्यावरून आडवा पट्टा घालून स्टेजवर उभं केलं, फोटो काढले, संपलं. अमेरिकेत तर एकेकाळी 'मिस वूल' अशी चक्क सौंदर्यस्पर्धा व्हायची!

त्यापेक्षा तिथलीच 'मेक इट विथ वूल' मला जास्त पटते. १९४७ पासूनची स्पर्धा, कपडा स्वतः शिवायचा, कापडात किमान ६० टक्के लोकर पाहिजे आणि तो स्वतःच घालून दाखवायचा. ज्या पोरीने स्वतः लोकरीचा कोट शिवलाय तिला भाषण लिहून द्यावं लागत नाही.

कारण लोकांचे प्रश्न सोपे नसतात हो. "कातरणं म्हणजे मेंढीचा छळ नाही का?" हा तर हमखास येतो. इथे श्रेकची गोष्ट सांगावी. न्यूझीलंडचा हा मेरिनो जातीचा मेंढा कळपातून पळाला, गुहांमध्ये लपून सहा वर्षं कातरणी चुकवली आणि २००४ मध्ये सापडला तेव्हा अंगावरून २७ किलो लोकर निघाली. मेरिनोची लोकर आपोआप गळत नाही, वाढतच राहते, त्यामुळे कातरली नाही तर उलट त्या जनावराचेच हाल. पण मग घाईत कातरताना कातडीला चिरा पडतात हेही त्याच दमात सांगायचं. आणि म्यूलसिंगचं काय? माश्यांनी अंडी घालून अळ्या पडू नयेत म्हणून शेपटीजवळची कातडी कापून काढतात, न्यूझीलंडने २०१८ मध्ये त्यावर बंदी आणली, ऑस्ट्रेलियात अजून चालतं. हा विषय टाळणारा अँबेसेडर मला तरी नको.

दुसरी तक्रार, लोकर टोचते. अरे सगळी नाही टोचत, तंतू किती जाड त्यावर आहे ते, ३० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वरच्या तंतूंची टोकं कातडीला टोचतात, १८ च्या आसपासचं मेरिनो बनियनसारखं थेट अंगावर घालता येतं. हे बोलून कुणाला पटत नाही, दोन्ही नमुने हातात द्यायचे आणि गप्प बसायचं.

म्हणून माझं मत असं की निवड झाली की लगेच माइक देऊ नका, आधी एक अख्खा कातरणीचा हंगाम शेडमध्ये काढू दे, लोकर निवडू दे, वळू दे, सॅश नंतर.