दप्तरातली काळी पेटी

रविवारी मुलाचं दप्तर धुवायला काढलं, तर तळाशी एक काळी, कडक, चेनची पेटी हाताला लागली. उघडून बघते तर तीन सिरिंजा, काचेच्या तीन इवल्या कुप्या, हातमोजे, आणि तोंडावर धरायचा प्लॅस्टिकचा पातळ पडदा. पोरगं सोळा वर्षांचं. मी वॉशिंग मशीनपाशीच मटकन खाली बसले.

तो आला, पेटी बघितली आणि म्हणाला, "आई, माझ्यासाठी नाहीये ते. कुणी पडलं तर त्याच्यासाठी आहे."

ती नालोक्सोनची पेटी होती. इकडे कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात नशेच्या ओव्हरडोसने माणसं इतकी जायला लागली की १४ एप्रिल २०१६ला सरकारने आरोग्य आणीबाणी जाहीर केली. २०२३ या एका वर्षात अडीच हजारांहून जास्त गेली, आणि प्रांताची वस्ती आहे जेमतेम ५५ लाख. मुख्य कारण फेंटानिल, अफूच्या जातीचं पण कितीतरी जहाल औषध. गोळी कसली म्हणून विकली आणि तिच्यात काय निघालं, हे घेणाऱ्यालाही कळत नाही, आणि त्याचा श्वास थांबतो. नालोक्सोन दंडात किंवा मांडीत टोचलं की काही मिनिटांत श्वास परत येऊ शकतो. ही पेटी फार्मसीत फुकट मिळते.

"तुला कुणी शिकवलं?" तर म्हणाला, केंद्रात. गेले तीन महिने तो तिथे समुपदेशकाकडे जातोय. झोप लागत नाही, छातीत धडधडतं म्हणून. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. दुपारची शिफ्ट असते माझी, घरी यायला साडेअकरा होतात. तोवर त्याच्या खोलीतला दिवा बंद असतो. बंद दिवा म्हणजे मूल झोपलं, असंच कुठलीही आई समजेल.

दुसऱ्या दिवशी तडक केंद्रात गेले. १२ ते २४ वयाच्या मुलांसाठी आहे ते. नर्स, समुपदेशक, व्यसनाचं बघणारे, सगळे एकाच छताखाली. काउंटरवरची मुलगी गोड बोलली, पण म्हणाली, "तो इथे येतो की नाही, हेही मी सांगू शकत नाही." मी म्हटलं, तो येतो हे मला माहीत आहे, त्यानेच सांगितलंय. तिचं तेच उत्तर. मी म्हटलं, मी आई आहे त्याची. पुन्हा तेच.

इथला कायदा तसाच आहे. उपचार म्हणजे काय हे मुलाला नीट समजतंय असं वाटलं, तर त्याची स्वतःची संमती पुरते. वयाची अट नाही. जिवाला धोका असेल तरच घरी कळवतात. नऊ महिने पोटात वाढवलेल्या पोराबद्दल विचारायचं, तर मी परकी! मी पार्किंगमध्ये रडले, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

मला काकू आठवली. काकांची दारू सुटली ती पुण्यात, मुक्तांगणमध्ये. १९८६मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी उभं केलेलं ते केंद्र. तिथे काकूला दाराबाहेर कुणी ठेवलं नाही. बायकांसाठी 'सहचरी' गट होता, त्यात ती बसायची. ती म्हणते, बरं व्हायचं काम आम्ही दोघांनी मिळून केलं. त्यामुळे 'आपल्याकडे काही नाहीच' असं इथलं कुणी म्हणालं की मला राग येतो. आता तर टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइनही आहे, १४४१६, २०२२पासून, आणि तिथे मराठीत बोलता येतं.

पण हेही खरं की काका तेव्हा बेचाळीस वर्षांचे होते. चौदाव्या वर्षी, अकोल्यात, मला दोन वर्षं काय होत होतं ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सांगायचं तर आईलाच सोबत न्यावं लागलं असतं.

रडून झाल्यावर परत आत गेले. एका बाईंनी चहा दिला आणि विचारलं, "पेटी वापरायला शिकायचंय का?" मग सरावासाठी माझ्या हातात संत्रं दिलं. कुपीची मान मोडायची, औषध ओढून घ्यायचं, सुई सरळ आत. माझा हात थरथरत होता, संत्र्याचा रस मनगटापर्यंत आला. आधी खांदा हलवून हाक मारायची, ९११ लावायचा, दर पाच सेकंदांनी एक श्वास द्यायचा. औषधाचा असर थोडाच वेळ टिकतो, म्हणून ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्या माणसाला सोडून जायचं नाही. आलेल्या पोलिसांनी फोन करणाऱ्याला नुसता माल जवळ बाळगल्याबद्दल पकडायचं नाही, असा कॅनडाचा कायदा आहे २०१७पासून. त्यांनी माझं नाव विचारलं नाही. मुलाचं तर नाहीच.

रात्री घरी आले तर त्याच्या खोलीत दिवा चालू होता. माझी पेटी मी टेबलावर ठेवली. त्याने उघडली, कुप्या उजेडात धरून बघितल्या आणि म्हणाला, "एक्स्पायरी लिहून ठेव फ्रिजवर." मग म्हणाला, "वरण गरम करू का तुझ्यासाठी?"