नांदीच्या आधी भरतवाक्य : गाडीच्या पेनड्राइव्हची कहाणी

बाबांची गाडी जुनी, त्यातला स्टिरिओपण तेवढाच जुना. ब्लूटूथ नाही, नुसतं यूएसबीचं भोक आणि बाजूला बारीक अक्षरात एमपी३ / डब्ल्यूएमए असं, म्हणजे कोणत्या प्रकारच्या फाइली वाजतात ते छापलेलं. बाबांना त्यात त्यांची नाट्यपदं आणि अभंग हवे होते. आणि माझ्या हार्ड डिस्कवर गेल्या कित्येक वर्षांत जे साठलंय त्यात फ्लॅक आहे, एम४ए आहे, डब्ल्यूएमए आहे, मावशीच्या भजनी मंडळाची व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली रेकॉर्डिंगं आहेत, म्हणजे सगळी सरमिसळच. फोनवर व्हीएलसी प्लेयर टाकलं की यातलं जवळपास सगळं वाजतं, त्यामुळे आपल्याला वाटतं की गाणं म्हणजे गाणं, कुठेही वाजणार. गाडीत पेनड्राइव्ह लावला की कळतं.

पहिलं म्हणजे स्टिरिओला पेनड्राइव्हच दिसेना. गाणी नंतरची गोष्ट, आधी ड्राइव्ह कशात फॉरमॅट केलाय, म्हणजे त्यावर फाइली मांडायची पद्धत कोणती, ते बघावं लागतं. माझा ६४ जीबीचा होता, एक्सफॅटमध्ये, आणि जुन्या स्टिरिओंना बहुतेक वेळा फक्त फॅट३२ कळतं. विंडोजमध्ये राइट क्लिक करून फॉरमॅटला गेलं तर ३२ जीबीच्या वरच्या ड्राइव्हला फॅट३२ चा पर्यायच येत नाही. रूफससारख्या टूलने होतं, पण मी सरळ ड्रॉवरमधला जुना १६ जीबीचा काढला. २५६ केबीपीएसच्या (सेकंदाला २५६ किलोबिट) एमपी३ला तासाला साधारण ११५ एमबी लागतात, म्हणजे १६ जीबीत सव्वाशे तासांच्या वर गाणी बसतात, बाबा काय सांगलीहून काश्मीरला चाललेले नाहीत.

मग फाइली. इथे खरी गंमत एम४एची. दोन फोल्डर, दोन्हीकडे एक्स्टेन्शन तेच, लॅपटॉपवर दोन्ही वाजतात. टीव्हीच्या यूएसबीला लावले तर एक फोल्डर वाजला, दुसऱ्याला टीव्ही म्हणतो फॉरमॅट चालत नाही. मीडियाइन्फो नावाच्या टूलमध्ये उघडून बघितलं तेव्हा उलगडा झाला, एकात एएसी, म्हणजे एमपी३सारखं आवाजाचा काही भाग कापून लहान केलेलं, आणि दुसऱ्यात एएलएसी, म्हणजे अ‍ॅपलचा लॉसलेस, काहीच न कापणारा. एम४ए हा नुसता डबा आहे, आत काय भरलंय ते झाकणावरून कळत नाही. अ‍ॅपलने एएलएसी २०११ मध्ये ओपन सोर्स केला तरी टीव्ही, स्पीकरवाले त्याच्या फार वाटेला गेलेले दिसत नाहीत. त्यामुळे "एम४ए चालतं का" असं दुकानात विचारून काही उपयोग नाही, दोन्ही प्रकारची एकेक फाइल सोबत न्यावी आणि लावून बघावी.

डब्ल्यूएमए तर स्टिरिओवर छापलेलंच होतं, तरी अर्ध्या फाइली मुक्या. पूर्वी विंडोज मीडिया प्लेयरमधून सीडी कॉपी केली की डब्ल्यूएमएच बनायची आणि त्यात कॉपी प्रोटेक्टची एक टिकमार्क असायची. ती चालू असताना काढलेल्या फाइलींना कुलूप, ज्या कॉम्प्युटरवर बनल्या तिथलीच किल्ली, आणि तो कॉम्प्युटर कधीच भंगारात गेला. सुदैवाने त्या सीड्या काकांकडे होत्या. पुन्हा आणल्या, पुन्हा फ्लॅकमध्ये काढल्या.

फ्लॅकच का, तर सीडीवरचं १४११ केबीपीएस सगळंच्या सगळं राहतं आणि तरी जागा साधारण निम्मी-पाऊण लागते. एमपी३ बनवायचं तर नेहमी या मूळ फ्लॅकवरून. एएसीवरून किंवा डब्ल्यूएमएवरून एमपी३ केलं तर आधी एकदा कापलेल्यातून पुन्हा कापलं जातं. मावशीच्या रेकॉर्डिंगला मात्र इलाज नव्हता, व्हॉइस नोट म्हणजे ओपस नावाचा आणखी एक प्रकार, गाडीत वाजत नाही, म्हणून १२८ ला एमपी३ केलं. त्याला ३२० देऊन टाळ काही जास्त खणखणीत होणार नाहीत. बाकी सगळं फूबार या प्लेयरमधून, लेम या एमपी३ बनवणाऱ्या टूलने २५६, सीबीआर, म्हणजे दर सेकंदाला तेवढेच बिट. व्हीबीआर, म्हणजे कमीजास्त होणारे बिट, ठेवलं तर असल्या स्टिरिओंवर कधीकधी वेळ भलतीच दिसते.

आता वाजायला लागलं, पण क्रम उलटसुलट. संगीत नाटकाच्या फोल्डरमध्ये भरतवाक्य पहिलं आणि नांदी मध्येच कुठेतरी, बाबा म्हणाले, "अरे, पडदा पाडून मग नाटक सुरू करायचं का?" फाइलींच्या नावात ०१, ०२ व्यवस्थित होतं. पण असले स्टिरिओ नाव बघतच नाहीत, ड्राइव्हच्या फॅटच्या यादीत फाइल ज्या क्रमाने लिहिली गेली त्या क्रमाने वाजवतात. फॅटसॉर्ट नावाचं छोटं टूल आहे, ते ती यादीच नावाप्रमाणे लावून देतं. शेवटी एकदा चालवायचं की झालं. नंतर मध्येच एखादं गाणं टाकलं तर ते शेवटी जाऊन बसतं, मग पुन्हा चालवायचं.

भावाने त्याच्या मॅकवरून काही अभंग भरून दिले तर प्रत्येक गाण्याआधी स्टिरिओ दोन सेकंद अडायचा. मॅक फॅटवर प्रत्येक फाइलीबरोबर टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणारी एक लपलेली पिल्लू फाइल ठेवतो, चार केबीची, आणि स्टिरिओ तिलाच गाणं समजून वाजवायला जातो. ती सगळी उडवली.

नावांचं तर विचारूच नका. देवनागरी टॅग, म्हणजे फाइलीच्या आत लिहिलेली गाण्यांची नावं, स्क्रीनवर नुसते चौकोन. एमपी३टॅग या टूलमध्ये टॅगांची आवृत्ती आयडी३ २.४ वरून जुन्या २.३ ला आणली (अक्षरं साठवायची यूटीएफ-१६ पद्धतवाली), त्याने टीव्हीवर नावं नीट आली, गाडीत नाहीच, कारण त्या स्टिरिओत देवनागरीची अक्षरंच नाहीत. म्हणून गाडीच्या प्रतीत सगळी नावं रोमनमध्ये आणि तीपण छोटी, कारण स्क्रीनवर एका वेळी आठच अक्षरं मावतात.

मूळ फ्लॅक देवनागरी टॅगांसकट हार्ड डिस्कवर तसेच आहेत, त्यांना हात लावायचा नाही. आईच्या भजनाच्या स्पीकरला स्क्रीनच नाही आणि फोल्डरपण कळत नाहीत, सगळं एका रांगेत वाजतं, म्हणून तिला दोन वेगळी मेमरी कार्डं करून दिली, सकाळच्या भूपाळ्यांवर लाल टेप आणि हरिपाठावर पिवळी.