रीडमी राहू दे, आधी सीआयची फाइल उघड

ओपन सोर्समधला एखादा मोठा जावा प्रोजेक्ट क्लोन केला की सगळे पहिल्यांदा रीडमी ही माहितीची फाइल उघडतात आणि तिथेच अडकतात. रीडमी कोणीतरी कधीकाळी उत्साहात लिहिलेला असतो, मग जेडीके (जावा कंपाइल करायचं किट) बदलतं, मॉड्यूल वाढतात, डेटाबेस बदलतो, आणि रीडमीत अजूनही 'एमव्हीएन क्लीन इन्स्टॉल मारा' एवढीच एक ओळ (एमव्हीएन म्हणजे मेव्हन, जावाचं बिल्ड टूल). मी तरी आजकाल सरळ डॉट गिटहब फोल्डरमध्ये जाते, त्यात वर्कफ्लोज, त्यातली वायएमएल फाइल, म्हणजेच सीआयची (कोड पुश झाला की आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेची) फाइल. ती प्रत्येक पुशला चालते म्हणून तिला थापा मारता येत नाहीत. जेडीके कुठलं, फ्लॅग कुठले, टेस्टला पोस्टग्रेस डेटाबेस लागतो का, सगळं तिथे असतं, कारण नसतं तर बिल्ड लाल झाली असती आणि कोणीतरी बोंब मारली असती.

माझा मावसभाऊ कांदिवलीला असतो, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष. कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी त्याने असलाच एक स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कवरचा प्रोजेक्ट उचलला आणि रविवारी मेगाब्लॉक झेलत लॅपटॉप घेऊन मुलुंडला आमच्याकडे आला. "ताई, बिल्ड सक्सेस आलंय गं, पण आता चालवायचं काय?"

प्रश्न एकदम बरोबर आहे, आणि हे कुठे धड लिहिलेलंही नसतं. मल्टी मॉड्यूल प्रोजेक्टमध्ये वरचा जो पॉम (मेव्हनची सेटिंग फाइल) असतो त्याचं पॅकेजिंगच 'पॉम' असतं, म्हणजे त्यातून जार (जावाचं तयार पॅकेज) वगैरे काही निघत नाही, तो फक्त खालच्या मॉड्यूल्सची यादी आणि व्हर्जन्स सांभाळतो. यादीत मॉड्यूल ज्या क्रमाने लिहिलेत त्याच क्रमाने बिल्ड होतील असं बऱ्याच जणांना वाटतं, तसं नाहीये. मेव्हनचा रिॲक्टर (सगळी मॉड्यूल्स एकत्र बिल्ड करणारा भाग) आधी कोण कोणावर अवलंबून आहे ते बघतो आणि त्याप्रमाणे रांग लावतो. ती रांग बिल्ड सुरू होतानाच 'रिॲक्टर बिल्ड ऑर्डर' म्हणून छापून येते, पण ती कोण वाचतं, सगळ्यांचं लक्ष शेवटच्या हिरव्या ओळीकडे.

मग चालणारं मॉड्यूल कसं ओळखायचं? मी भावाला म्हटलं, प्रत्येक मॉड्यूलच्या टार्गेट फोल्डरमध्ये जा आणि जारची साइज बघ. कॉमन, मॉडेल, क्लायंट असल्या नावांच्या जार काही केबीच्या होत्या आणि एकच पन्नासेक एमबीची. तीच. स्प्रिंग बूटचं प्लगइन सगळ्या डिपेंडन्सी (लागणाऱ्या लायब्ररी) पोटात भरून ती जार बनवतं म्हणून ती एवढी फुगलेली. बाकीच्या जार जावा डॅश जारने चालवायला गेलं तर 'नो मेन मॅनिफेस्ट ॲट्रिब्यूट' म्हणून तोंडावर दार बंद, आणि त्यात बिघडलेलं काहीच नसतं, त्या लायब्ररीच आहेत.

जेडीकेचं थोडक्यात सांगते. 'इनव्हॅलिड टार्गेट रिलीज १७' आलं की कोड शोधत बसू नका, तुमचं जेडीके जुनं आहे. उलटी गंमत जुन्या प्रोजेक्टची, जावा ८ च्या काळातला कोड जावा ११ वर टाकला की जॅक्सबीचे (एक्सएमएल हाताळणाऱ्या लायब्ररीचे) क्लास सापडत नाहीत कारण ११ मध्ये ते जेडीकेतून काढूनच टाकलेत. आणि 'जावा व्हर्जन तर बरोबर दाखवतंय' असं म्हणणाऱ्यांनी एमव्हीएन डॅश व्हर्जन मारून बघा, मेव्हन जावा होमकडे बघतं, टर्मिनल पाथकडे बघतं, दोन्हीकडे वेगवेगळं जावा निघालं तर नवल नाही.

टेस्ट वगळण्याचे दोन फ्लॅग आहेत आणि लोक ते एकच समजतात. 'स्किपटेस्ट्स' टेस्ट कंपाइल करतो, फक्त चालवत नाही. 'मेव्हन डॉट टेस्ट डॉट स्किप' कंपाइलसुद्धा करत नाही. आता एखादं मॉड्यूल दुसऱ्या मॉड्यूलच्या टेस्ट जारवर अवलंबून असेल (मोठ्या प्रोजेक्टमध्ये असतंच) तर दुसऱ्या फ्लॅगने ती जार तयारच होत नाही आणि बिल्ड मध्येच 'आर्टिफॅक्ट सापडला नाही' म्हणून बसते. मी नेहमी पहिलाच वापरते, वेळ जरा जास्त जातो, जाऊ दे.

आणि खरी डोकेदुखी पुढे आहे. सगळं एकदा इन्स्टॉल केलं की प्रत्येक मॉड्यूलची जार होम फोल्डरमधल्या डॉट एम२ मध्ये, म्हणजे मेव्हनच्या आपल्या मशीनवरच्या साठ्यात, जाऊन बसते. मग आपण कॉमन मॉड्यूलमध्ये एक ओळ बदलतो, डॅश पीएल लावून फक्त वेब मॉड्यूल चालवतो, आणि बदल दिसतच नाही. लॉग टाकला तर लॉगही नाही. कारण रिॲक्टरमध्ये आता कॉमन आहेच कुठे, वेबने एम२ मधली जुनी जार उचलली, म्हणजे ताजी आमटी गॅसवर आणि ताटात फ्रिजमधली कालची. डॅश एएम लावून कॉमनला सोबत घ्यावं म्हटलं तर स्प्रिंग बूट रन हा गोल (मेव्हनला सांगितलेलं काम) पॅरेंटपासून, म्हणजे वरच्या पॉमपासून, प्रत्येक मॉड्यूलवर चालतो आणि पॅरेंटमध्ये मेन क्लास नाही म्हणून तिथेच मरतो. म्हणून दोन पायऱ्या: आधी डॅश पीएल वेब डॅश एएम लावून इन्स्टॉल, मग डॅश पीएल वेब एवढंच लावून रन. कंटाळवाणं आहे, पण चालतं. आयडीईमधून (कोड लिहायच्या एडिटरमधून) चालवलं तर हा त्रास बहुतेक होत नाही कारण तो मॉड्यूल्स आपसात थेट जोडतो, तरी टर्मिनलची सवय असलेली बरी, सर्व्हरवर आयडीई नसतो.

एम२ ची अजून एक खोड. एखादी जार एकदा 'नाही' मिळाली की मेव्हन तिथे 'लास्टअपडेटेड' नावाची फाइल टाकून ठेवतो आणि नंतर ती जार खरंच अपलोड झाली तरी ठरलेला वेळ, सहसा एक दिवस, संपेपर्यंत परत विचारत नाही. डॅश कॅपिटल यू लावलं की विचारतो. आणि जुन्या प्रोजेक्टमध्ये रिपॉझिटरीची (जार जिथून डाउनलोड होतात त्या जागेची) लिंक साध्या एचटीटीपीची असेल तर मेव्हन ३.८.१ पासून ती मुळातच ब्लॉक होते. मेव्हन सेंट्रल या मुख्य रिपॉझिटरीने तर जानेवारी २०२० पासूनच एचटीटीपी बंद केलंय. लिंकला एक एस जोडायचा, बऱ्याचदा तेवढंच काम असतं.

बिल्ड मध्येच फुटली तर पहिल्यापासून नको, डॅश आरएफ, कोलन, फुटलेल्या मॉड्यूलचं नाव, तिथून पुढे सुरू. ही कमांड मेव्हन एररच्या खाली स्वतः लिहून देतो, तरी लोक वर ॲरो दाबून सगळी बिल्ड परत मारतात आणि चहाला जातात. चहाला जायचंच असेल तर वेगळं.

भावाच्या प्रोजेक्टमध्ये यूआयचं (स्क्रीनवर दिसणाऱ्या भागाचं) एक वेगळं मॉड्यूल होतं, त्यात मेव्हनच नोड (जावास्क्रिप्ट चालवणारं टूल) डाउनलोड करून एनपीएम इन्स्टॉल लावतं, म्हणजे जावास्क्रिप्टच्या लायब्ररी उतरवतं, आणि सगळ्यात जास्त वेळ तेच खातं. त्याला बॅकएंडमध्येच काम करायचंय, म्हणून डॅश पीएलपुढे उद्गारचिन्ह आणि त्या मॉड्यूलचं नाव देऊन ते वगळलं, वेब मॉड्यूल त्याच्यावर अवलंबून नव्हतं म्हणून जमलं. लिनक्स किंवा मॅकवर असाल तर ते नाव सिंगल कोट्समध्ये घाला, नाहीतर उद्गारचिन्ह बघून शेल जुन्या कमांडची हिस्टरी उकरायला लागतो. भाऊ विंडोजवर आहे, त्याला तो त्रास नाही.