आमची वाटचाल : करंट कुठे अडतो ते शोधताना

सुरुवातीला आमच्या दुकानात काम होतं गाड्यांत डेक बसवण्याचं. कॅसेटचा डेक, मागे दोन ओव्हल स्पीकर. पिवळी वायर कायमच्या करंटला, लाल इग्निशनला, काळी बॉडीला, की गाणं सुरू. सगळा पसारा दहा अँपियरच्या फ्यूजवर चालायचा, त्यामुळे वायर जरा बारीक असली तरी खपून जायचं. मग सीडी आली, यूएसबी आली, डिकीत अँप (आवाज वाढवणारा अँप्लिफायर) आणि सबवूफर (बेसचा मोठा स्पीकर) आले, आता डॅशबोर्डवर अँड्रॉइडचे मोठे स्क्रीन आहेत. मधली बरीच वर्षं नीट गेली, त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते दुकान बंद व्हायच्या बेतात आलं त्या काळाबद्दल, कारण ती हकिकत बाजारात अजून अर्धीच फिरते.

एका स्पर्धकाने ‘हजार वॅट, चार गेजच्या किटसकट’ अशी जाहिरात सुरू केली. लाल पारदर्शक वायर, सोनेरी लग (वायरीच्या टोकाचं बोल्टला लागणारं कडं), दिसायला देखणं. आमचं कोटेशन त्यापुढे टिकेना. वायर ती वायर, तांब्याचे पैसे कशाला लावता, असं आम्हालाच ऐकावं लागायचं. आता हिशोब पाहा. हजार वॅट आरएमएसचा (म्हणजे सतत देता येणाऱ्या ताकदीचा) क्लास डी प्रकारचा अँप ८० टक्के कार्यक्षम धरला तर त्याला आत १२५० वॅट लागतात, म्हणजे १३.८ व्होल्टला ९० अँपियर. खऱ्या चार गेजच्या तांब्याच्या वायरचा छेद २१ चौरस मिलिमीटर. बोनेटपासून डिकीपर्यंतच्या ५ मीटरमध्ये साधारण ०.३७ व्होल्ट पडतात. तेवढं चालतं. किटमधली वायर निघाली तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची. तिचा रोध तांब्याच्या जवळपास दीडपट. वर जाडी सगळी इन्सुलेशनची, आतला गाभा जेमतेम १२ चौरस मिलिमीटर. म्हणजे जवळजवळ एक व्होल्ट वायरमध्येच गडप.

त्यात बॉडीला जाणारी अर्थची वायर पत्र्याच्या रंगावरच आवळलेली. गाडी आयडलला, एसी आणि हेडलाइट चालू, आणि आयडलला अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज देणारं जनित्र) त्याच्या रेटिंगच्या बराच खाली देतो. मग बॅटरीवर साडेबारा दिसतात आणि अँपच्या टर्मिनलवर अकरा. रेग्युलेटेड सप्लायचा (व्होल्टेज पडलं तरी ताकद तेवढीच ठेवणारा) अँप असेल तर व्होल्टेज पडलं की तो उलट जास्त करंट ओढतो. बेसचा एक ठोका वाजला की प्रोटेक्टचा लाल दिवा, म्हणजे अँप स्वतःला वाचवायला बंद. आणि दोष कुणाला? आम्ही बसवलेल्या डेकला. ‘सिग्नल नीट देत नाही’ म्हणे.

अशी वायर ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. एक तार ब्लेडने खरवडा, आत पांढरी दिसली की समजा. लायटरच्या ज्योतीत धरा, अ‍ॅल्युमिनियमची तार लुळी पडून तुटते, तांब्याची लाल होऊन तशीच राहते. गुंडाळी हातात घेतली तरी वजनाने कळतं.

खरा घाव मात्र दुसरीकडून बसला. भाड्याच्या गाड्या चालवणारे एक मालक आमचे अगदी सुरुवातीपासूनचे गिऱ्हाईक. त्यांच्या एका गाडीची बॅटरी रात्रभरात उतरायला लागली आणि शिटीसारखा आवाज स्पीकरमध्ये यायचा, गाडी रेझ केली की वर चढणारा. सर्व्हिस सेंटरने जॉब कार्डवर लिहून दिलं : ‘बाहेरून बसवलेल्या साउंड सिस्टिममुळे.’ एका ओळीची नोंद. तिच्या जोरावर गाडीची वॉरंटी नाकारली गेली, आणि त्या कागदाचा फोटो फिरत फिरत आमच्या इतर गिऱ्हाइकांपर्यंत पोचला. ठरलेली कामं रद्द झाली, घाऊक व्यापाऱ्याने उधारी बंद केली. मालक तेवढे म्हणाले, ‘गाडी तुमच्याकडे ठेवतो. काय ते शोधा, पण मला आकडे दाखवा.’

शोधायची पद्धत सांगतो, कारण ती आजही तीच आहे. बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडून मधे अँपियर मीटर घालायचा, दहा अँपियरच्या सॉकेटमध्ये. आधी मीटर जोडायचा आणि मगच केबल खांबावरून काढायची, मधे जोड क्षणभरही तुटू द्यायचा नाही, नाहीतर गाडीतले कंट्रोलर पुन्हा जागे होतात आणि आकडा भलताच येतो. बोनेटचं लॉक स्क्रू ड्रायव्हरने बंद करून ठेवायचं, म्हणजे गाडीला बोनेट लागलंय असं वाटतं, किल्ली लांब न्यायची, आणि अर्धा-पाऊण तास गाडीला हात लावायचा नाही. पन्नास मिलिअँपियरच्या आत आलं तर ठीक. इथे त्याच्या कित्येक पट. डेकचा फ्यूज काढला, फरक नाही. अँपची मुख्य वायर सोडली, फरक नाही. फ्यूज बॉक्समधला एकेक फ्यूज झाला, तरी आकडा हलेना. मग बॅटरी पुन्हा सोडून अल्टरनेटरच्या मागची जाड बी प्लसची (पॉझिटिव्हची) केबल काढली, टोकाला टेप गुंडाळला, परत जोडलं. करंट धपकन खाली.

अल्टरनेटरमधला डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) गळत होता. गाडी बंद असताना बॅटरी त्यातून उलटी रिकामी होत होती, आणि गाडी चालू असताना डीसीवर एसीची (दिशा बदलणाऱ्या करंटची) लाट चढत होती, तीच शिटी. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून मीटर एसीवर ठेवला की बॅटरीवर शंभर मिलिव्होल्टच्या आत दिसायला हवं. इथे अर्ध्या व्होल्टाच्या वर होतं. मालकांनी ते आकडे लिहून घेतले आणि सर्व्हिस सेंटरला नेऊन दिले. अल्टरनेटर बदलला गेला. जॉब कार्डवरची ती ओळ मात्र कुणी खोडली नाही, माफी तर लांबच. दुकान तगलं ते त्या मालकांनी आपल्या उरलेल्या गाड्या आमच्याकडे पाठवल्या म्हणून.

शिटी येते म्हणून लोक आधी आरसीएवर, म्हणजे डेकचा सिग्नल अँपला नेणाऱ्या केबलवर, फिल्टर लावतात. लावू नका. अँपच्या इनपुटची आरसीए काढून तिथे शॉर्टिंग प्लग (इनपुटची दोन टोकं आपसात जोडणारा) घाला. शिटी गेली तर दोष डेककडे किंवा आरसीएत आहे. डेकच्या आतला आरसीएच्या अर्थचा बारीक फ्यूज उडालेला असणं हे नेहमीचं कारण, विशेषतः अँप चालू असताना आरसीए काढघाल केलेली असेल तर. शिटी तशीच राहिली तर अँपचा सप्लाय आणि अर्थ बघा.

आमचे पहिले भागीदार मूळचे ऑटो इलेक्ट्रिशियन. त्यांनी जुन्या हेडलाइटच्या होल्डरमध्ये ५५ वॅटचा बल्ब, दोन हात वायर आणि मगरीच्या जबड्याच्या क्लिपा लावून एक टेस्ट लॅम्प केला होता. तो अजून वापरात आहे. नुसता मीटर कुजलेल्या वायरीतल्या एकाच शिल्लक तारेवरही बारा व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट ओढतच नाही. हा बल्ब साडेचार अँपियर ओढतो, आणि कुजलेला जोड लगेच उघडा पडतो. त्याच्या जोडीला डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमटा लावून करंट मोजणारा). घेताना बघून घ्या, स्वस्तातले बरेचसे फक्त एसी मोजतात. आणि लग वायरीवर दाबून बसवायला हायड्रॉलिक क्रिंपिंग प्लायर. पक्कडीने चेपलेला लग ओढून बघा, हातात येईल.

अँपची तक्रार आली की आम्ही ५० हर्ट्झचा टोन लावून, लोड असतानाच मोजतो. मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर, दुसरं अँपच्या बी प्लसवर : अर्ध्या व्होल्टाच्या आत हवं. मग निगेटिव्ह खांब ते अँपचा अर्थ : ०.२ च्या आत. जास्त आलं तर तुकड्यातुकड्याने पुढे सरका : लग, फ्यूज होल्डर, फ्यूजच्या दोन बाजू. गरम फ्यूज होल्डर बहुतेक वेळा स्क्रू सैल असल्याने वितळतो. काचेच्या जाड फ्यूजचे होल्डर आम्ही केव्हाच सोडून दिले. ९० अँपियरच्या सिस्टिमला एएनएल (बोल्टने आवळायचा पट्टीचा फ्यूज) लावा, बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत. फ्यूज वायरीला वाचवायला असतो, त्यामुळे तो वायरीला झेपेल तेवढाच, अँपच्या बॉक्सवरचे वॅट बघून नाही.

व्होल्टेज ठीक आहे आणि तरी प्रोटेक्ट? स्पीकरच्या वायरी काढा, आरसीए काढा, पुन्हा चालू करा. तरी लाल, तर अँप आतून गेलाय. दिवा हिरवा झाला तर वूफर मोजा : चार ओहमच्या कॉइलला मीटर साधारण साडेतीन ओहम दाखवतो. एकाच्या खाली म्हणजे कॉइल शॉर्ट. स्पीकरची वायर आणि बॉडी यांच्यात मीटरला जोड दिसता कामा नये.

अर्थसाठी सीट बेल्टचा बोल्ट वापरायचा नाही. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासायचा, दातेरी वॉशर, बोल्ट, वरून ग्रीस, आणि वायर अर्ध्या मीटरच्या आत. एवढ्याने भागलं नाही तर बोनेटमधल्या तीन वायरी जाड करा : अल्टरनेटर ते बॅटरी पॉझिटिव्ह (फ्यूजसकट), बॅटरी निगेटिव्ह ते बॉडी, इंजिन ते बॉडी.

आणि एक फॅरडचा कपॅसिटर. तो स्पर्धक अजून विकतोय म्हणून सांगतो. १४.४ व्होल्टवरून १२ वर येताना तो जेमतेम ३२ जूल देतो. १२५० वॅट ओढणाऱ्या अँपला ते सेकंदाच्या चाळिसाव्या भागापुरतं. मग तो स्वतःच अल्टरनेटरवर भार होतो. घेतलाच असेल तर निदान बल्ब मालिकेत घालून आधी चार्ज करा, थेट लावून ठिणग्या पाडू नका.

बऱ्याच नव्या गाड्यांत निगेटिव्ह खांबावर करंट मोजणारा सेन्सर असतो आणि अल्टरनेटर मुद्दाम १२.५ ते १५ च्या मधे खाली-वर होतो. अशा गाडीत अँपचा अर्थ खांबावर चढवला की तो करंट सेन्सरला दिसतच नाही, चार्जिंगचा हिशोब चुकतो आणि बॅटरी उपाशी राहते. अर्थ सेन्सरच्या पलीकडे, बॉडीला. हे मॅन्युअलमध्ये असतं. जॉब कार्ड लिहिणाऱ्यांनीही एकदा वाचलं तर बरं होईल.