मगरीच्या मेंदूवर खापर फोडणं थांबवा

माणूस चिडला की "आतला सरपटणारा मेंदू जागा झाला" असं हल्ली सगळीकडे ऐकू येतं, ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये, रील्सवर, पालकांच्या ग्रुपवर पण. बडोद्यात राहून मला हे फार लागतं, कारण आमच्या विश्वामित्रीत भर शहरात खऱ्या मगरी राहतात, २०२४च्या ऑगस्टमधल्या पुरात तर सोसायट्यांमध्ये आल्या होत्या.

मुळात ही थिअरी पॉल मॅकलीन या अमेरिकन शास्त्रज्ञाची, १९६०च्या दशकातली. त्याच्या मते मेंदू म्हणजे तीन मजली घर, खाली सरपटणाऱ्यांचा, मधे जुन्या सस्तनांचा भावनांचा आणि वर विचार करणारा कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर. माणूस मोठा होता, भावनांचा मेंदूत अभ्यास व्हायला हवा हे त्याने ठासून मांडलं, भावनांशी जोडलेल्या भागांना लिंबिक सिस्टिम हे नाव त्याचंच. पण मजले एकावर एक चढलेच नाहीत हो! खालचा मजला म्हणून त्याने जे बेसल गँगलिया, म्हणजे मेंदूत खोलवर असलेले पेशींचे पुंजके, धरले ते लॅम्प्रीत पण आहेत, लॅम्प्री म्हणजे जबडा नसलेला मासा, त्याची आणि आपली वाट साधारण ५० कोटी वर्षांपूर्वी फुटली, आणि स्वीडनच्या स्टेन ग्रिलनर यांच्या टीमने दाखवलं की कुठली हालचाल करायची ते निवडणारी मूळ जोडणी त्याच्यातही आपल्यासारखीच आहे. म्हणजे सरपटणारे प्राणी यायच्या कितीतरी आधीची! आणि सरड्याला कॉर्टेक्स नसतो असंही नाही, असतो, तीन थरांचा, आपला बराचसा सहा थरांचा. २०२२मध्ये एका सरड्याच्या मेंदूतल्या पेशी तपासल्या तर जुन्या आणि नव्या प्रकारच्या पेशी सगळ्या भागांत मिसळलेल्या निघाल्या.

आता मगरीचं बघा. मादी अंड्यांची राखण करते, पिल्लं बाहेर आली की जबड्यात अलगद धरून पाण्यात नेते. मद्रासच्या क्रोकोडाइल बँकेत तर मगरी नाकावर काड्या ठेवून घरट्यासाठी काड्या शोधणाऱ्या बगळ्यांची वाट बघताना दिसल्यात. हिला नुसती रागीट कसं म्हणायचं?

उलट आपला राग बघा, वाड्याच्या वाटणीवरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षं बोलत नाहीत, कोण कधी काय म्हणालं ते शब्दन् शब्द लक्षात, वकील, फायली, लग्नात कोणाला बोलवायचं नाही त्याच्या याद्या... याला स्मरणशक्ती लागते, भाषा लागते, प्लॅनिंग लागतं, म्हणजे सगळा कॉर्टेक्स कामाला लागलेला असतो.

माझ्या मते कावळ्याने तर ही थिअरी पार मोडलीच. पक्ष्यांचा पुढचा मेंदू म्हणजे नुसत्या उपजत सवयी असं कित्येक वर्षं शिकवलं, भागांची नावंही तशीच, शेवटी २००४मध्ये शास्त्रज्ञांनी मिळून ती बदलली. सहा थरांचा कॉर्टेक्स कावळ्याला नाहीच, पण २०१६मध्ये मोजणी झाली तेव्हा कावळे-पोपटांच्या पुढच्या मेंदूत न्यूरॉन, म्हणजे मेंदूच्या पेशी, इतके दाटीने भरलेले सापडले की तेवढ्याच वजनाच्या माकडाच्या मेंदूतही तेवढे नसतात.