मामा नावाचा प्राणी

आज रविवार, बाहेर पावसाची झड आणि भाचा मुक्कामाला. मिसळ पोटात जाताच त्याने माझ्या जुन्या लॅपटॉपवर २००८ सालचा 'स्पोर' हा कॉम्प्युटर गेम शोधून काढला.

पहिला तास काय सांगू! पाण्यातला एवढासा जीव. मोठ्यांपासून पळायचं, छोट्यांना गिळायचं, जबडा हवा की सोंड ते आपण ठरवायचं. मग पाय फुटून जमिनीवर. भाच्याने तीन डोळ्यांचं, बदकासारखं चालणारं काहीतरी बनवलं आणि नाव ठेवलं 'मामा'. (आईला साम्य दिसलं म्हणे.)

टोळीचा टप्पा आला आणि सगळी हवा गेली. इतक्या हौसेने घडवलेलं शरीर आता बदलता येत नाही, नुसते कपडे नि टोप्या चढवा. शहरांचा टप्पा म्हणजे लढाईच्या कुठल्याही गेमची पातळ आमटी. शेवटी अंतराळ. आकाशगंगेच्या मध्यापर्यंत पोचायचं, कल्पना भव्यच! पण चार ग्रह पुढे गेलो की मागून निरोप: चाच्यांनी हल्ला केलाय, इकडे पर्यावरण बिघडलंय, परत या. सोसायटीचा सेक्रेटरी झाल्यासारखं वाटलं. तेव्हाही मी इथेच सोडला होता बहुतेक.

पाचच्या सुमारास भाचा म्हणाला, "मामा, परत पहिल्यापासून पाण्यातला किडा होऊया ना."

तेवढ्यात आईने गॅलरीतून हाक मारली, गंगेला पाणी वाढलंय, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागलंय म्हणतात. (आमच्या नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि तिच्या पात्रातल्या या मारुतीच्या मूर्तीवरून पुराचा अंदाज घेतात.) लॅपटॉप तसाच उघडा टाकून दोघंही छत्र्या शोधायला लागलो.