चॅनल एफ लागला!

आज दुपारी भुसावळच्या घरी फेअरचाइल्ड चॅनल एफ सुरू झाला. टीव्हीला जोडून खेळायचं, १९७६ चं अमेरिकन व्हिडिओ गेम मशीन, म्हणून आधी ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, मग एनटीएससी, म्हणजे अमेरिकन पद्धतीचा सिग्नल, दाखवणारा जुना डबा टीव्ही, आणि मग लाइट येण्याची वाट. पडदा हिरवट झाला, आवाज टीव्हीतून नाही, मशीनच्याच पोटातून आला. अंगावर काटाच आला!

लहानपणी रेल्वे क्वार्टरमध्ये आम्ही भाड्याने कॅसेट आणायचो. गेम बदलायचा तर कॅसेट बदलायची, एवढंच ठाऊक. मायक्रोप्रोसेसर आणि अशी गेम भरलेली रॉम कॅसेट घरच्या गेम मशीनमध्ये पहिल्यांदा आली ती या चॅनल एफमध्येच. कामाची धुरा होती जेरी लॉसन या कृष्णवर्णीय इंजिनिअरकडे. अटारी या गेम कंपनीचं नाव सगळ्यांना माहीत, या माणसाचं किती जणांना?

याचा कंट्रोलर म्हणजे हातात धरायची मूठ. वरचा शेंडा ढकला, पिळा, ओढा, दाबा. आणि खेळ मध्येच थांबवायला मशीनवर ‘होल्ड’ बटण, तेही त्या काळात!

आजी म्हणाली, "हाई काय शे रे?" मी मूठ तिच्या हातात दिली. आत बसवलेला टेनिस लावला. दोन चेंडू तिने परतवले. तिसऱ्याला लाइट गेली.